वर्तणुकीचा रकाना

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीचा एक रकाना असतो. आमच्या शाळेत त्यात 'चांगली' लिहायची पद्धत होती. प्रयोगशाळेतल्या बरण्या फोडणाऱ्याची चांगली, बाकाखाली पुस्तक उघडून पेपर लिहिणाऱ्याची चांगली. कारकून वर न बघता लिहीत जायचा. माझ्या मोठ्या बहिणीच्या दाखल्यावर त्या रकान्यात 'असमाधानकारक' असं आहे. निळ्या शाईत, वळणदार इंग्रजीत. तो शब्द तिथे कसा आला हे मी लिहिते आहे. या सगळ्या प्रकाराची मला किळस आहे आणि ती वर्षं उलटली तरी कमी झालेली नाही. त्यातली थोडी माझी स्वतःचीही आहे.

आम्ही तारनाक्याला राहायचो. बाबा नांदेडकडून आलेले, रेल्वेच्या ऑफिसात कारकून. घरात सोफा नव्हता, पण पुस्तिका होत्या. जयंतीच्या मंडपाबाहेर चादर अंथरून विकतात त्या बत्तीस पानी, गुलाबी-निळ्या कव्हरच्या, पिना गंजलेल्या. बाबा दरवर्षी पिशवी भरून आणायचे. आम्ही दोघी बहिणी इंग्रजी माध्यमात, त्यामुळे आमचं वाचायचं मराठी म्हणजे त्या पुस्तिकाच. साहजिकच आमची भाषा भाषणाची झाली. मायनं भाजीत तिखट जास्त घातलं की अक्का ताट सरकवून म्हणायची, "हा अन्याय यापुढे सहन केला जाणार नाही." अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. हैदराबादेत ताईची अक्का होते.

बाबांचा लेखी कागदावर विश्वास होता. कॉलनीत कुणाचा नळ बंद पडला, कुणाची बदली अडली की लोक बाबांकडे अर्ज लिहून घ्यायला यायचे. "तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेल्याला उत्तर द्यावं लागतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि दुसरं: "आपल्या माणसानं खोटं लिहायचं नाही. आपल्याला पकडायला लोक टपलेले असतात."

शाळा नारायणगुड्याला होती. जुन्या मराठी मंडळींच्या संस्थेची. पूर्वी तिथे कारकुनांची, शिंप्यांची, दुकानदारांची पोरं मराठीतून शिकायची. मी पाचवीत गेले तोवर संस्थेला इंग्रजीची आणि नंतर कॉम्प्युटरची स्वप्नं पडायला लागली होती. पुण्या-मुंबईची माणसं कंपन्यांमध्ये मोठ्या पगारावर यायला लागली होती, त्यांची मुलं शाळेला हवी होती. तळमजल्यावर कॉम्प्युटरची खोली झाली, बाहेर चपला काढून आत जायचं. देवळासारखं. मात्र आमच्या वर्गाची पाळी आली की मशीन बंद असायचं.

रोज सकाळी उशिरा येणाऱ्यांची रांग फाटकाच्या आत उन्हात उभी केली जायची. त्या रांगेत बसनं येणारे असायचे. म्हणजे आम्ही, पलीकडच्या वस्त्यांमधली पोरं, जुन्या शहरातून दोन बसा बदलून येणारी मुसलमान मुलं. गाडीतून उतरणारे उशिरा आले तर वॉचमन फाटक उघडून सलाम करायचा. डायरीत तीन लाल शेरे झाले की घरी पाठवायचे. ज्याला सारखं घरी पाठवतात त्याला हळूहळू यायचा कंटाळा येतो. मग तो शाळेच्या स्टॉपवर उतरतच नाही, पुढे कोटीच्या बाजारापर्यंत जातो, फिरत बसतो. मग शाळा म्हणते, बघा, हा भटकतो. नोटीस बोर्डावर नावं लागायची. आडनावं वाचली की पुरे. जात हा शब्द त्या इमारतीत कुणी कधी उच्चारला नाही. त्याची गरजच नव्हती.

अक्का दहावीत होती आणि हुशार होती. तिच्या बाकावर तिची मैत्रीण बसायची. पुण्याहून आलेली, वडील कॉम्प्युटर कंपनीत अधिकारी. दोघींचं खरंच जमायचं. मैत्रीण अक्काच्या डब्यातली ज्वारीची भाकरी खायची आणि स्वतःचं सँडविच तिला द्यायची.

जानेवारीत नामपल्लीला नुमाइश भरते, म्हणजे मोठं प्रदर्शन. काश्मिरी शाली, लखनवी कुर्ते, काचेच्या बांगड्या, पाळणे, मिरची भजी. एक दिवस फक्त बायकांसाठी ठेवलेला असतो. त्या दिवशी मैत्रीण म्हणाली, "चल ना. शेवटचे दोन तास पी.टी. आणि शिवण आहेत. कुणाला कळणारे?" अक्का म्हणाली, "मला पाळण्यात बसायचं नाही, चक्कर येते." "मग तू बांगड्या बघ. चल." दोघी मागच्या फाटकानं बाहेर पडल्या. पाळण्यात बसल्या, भजी खाल्ली, अक्कानं मला सहा बांगड्या घेतल्या. आणि शालींच्या दुकानासमोर त्यांच्या विज्ञानाच्या बाई उभ्या दिसल्या. बाईंनी त्यांना पाहिलं, त्यांनी बाईंना.

या बाईंनी त्या दिवशी दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. कारण: ताप.

दुसऱ्या दिवशी दोघींना मुख्याध्यापिकांनी बोलावलं. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. पालकांचं लेखी स्पष्टीकरण दोन दिवसांत आणा, असं दोघींना सांगितलं. दोघींना अगदी एकसारखं सांगितलं, हे मला नोंदवलं पाहिजे. तिथपर्यंत नियम एकच होता.

मैत्रिणीची आई त्याच दिवशी शाळेत आली. मॅडमच्या खोलीत चहा गेला. तिनं दोन ओळी लिहून दिल्या: मुलीला बरं नव्हतं म्हणून ती लवकर घरी आली. मैत्रीण तिसऱ्या तासाला वर्गात येऊन बसली.

आमच्या घरी रात्रीचं जेवण झाल्यावर बाबांनी फूलस्केप कागद काढले. अक्काला समोर बसवलं, काय काय झालं ते विचारलं. ती रडली नाही. सगळं सांगितलं, भज्यांसकट. बाबा म्हणाले, "चूक झाली?" ती म्हणाली, "झाली." "मग तसं लिहू. चूक कबूल केली की माणूस मोकळा होतो." माझं अक्षर चांगलं म्हणून लिहायला मला बसवलं. मी आठवीत होते. बाबा सांगत होते, मी लिहीत होते. एक, सदर दिवशी माझी मुलगी परवानगीशिवाय शाळेबाहेर गेली हे खरे आहे. दोन, याबद्दल मी दिलगीर आहे. तीन, नियमाप्रमाणे होईल ती शिक्षा आम्हाला मान्य आहे, मात्र ती दोघींना समान असावी.

तिथे बाबा थांबले. मी नाही थांबले. मी म्हटलं, "आणि बाई? त्यांनी तापाची रजा घेतली होती ना? ते नको लिहायला?"

"जाऊ दे गं," माय आतून म्हणाली. "मास्तरणीच्या वाटेला जाऊ नको."

"का जाऊ दे?" मी म्हटलं. "समता म्हणजे काय मग? पुस्तिकेत काय लिहिलंय?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता, तो मला अजून दिसतो आणि अजून बोचतो. म्हणाले, "लिही. खरं आहे ते लिही." मग मी चौथा मुद्दा लिहिला. माझ्याच शब्दांत. सदर शिक्षिका त्याच वेळी प्रदर्शनात कोणत्या रजेवर उपस्थित होत्या, याचाही खुलासा व्हावा. 'उपस्थित' खाली मी रेघ ओढली.

अक्का एवढंच म्हणाली, "रेघ कशाला ओढलीस, दीडशहाणे?"

हे आमच्यासारख्या घरातच होतं. दुसऱ्या कुठल्या घरात लेखी मागितलं म्हणून कोणी खरं लिहितं? आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं की शाळेतलं स्पष्टीकरण ही लग्नपत्रिकेसारखी गोष्ट असते, मजकूर ठरलेला असतो. आम्ही ते निवेदन समजलो.

बाबांना बोलावणं आलं तेव्हा मी सोबत होते. खोलीत मॅडम आणि त्या विज्ञानाच्या बाई. चहा नव्हता. खुर्ची होती, पण बसा कुणी म्हटलं नाही, म्हणून बाबा उभे. मॅडमच्या हातात आमचे कागद होते. त्या हसतच म्हणाल्या, "अहो, तुम्ही नोकरीत आहात, शिकलेले दिसता. असं लेखी देतात का?"

"शाळेनंच लेखी मागितलं, मॅडम."

"मागतात म्हणून कुणी हे असलं लिहितं?" त्यांनी चौथ्या मुद्द्यावर बोट ठेवलं. "हे काय आहे? चूक तुमच्या मुलीची, आणि चौकशी आमची?"

विज्ञानाच्या बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "घरात वातावरणच तसं असतं ना यांच्या. मोर्चे, सभा, घोषणा. मुली तेच शिकतात. त्या दुसऱ्या बिचारीला हिनंच नेलं."

"नाही, बाई," मी म्हटलं. "तिनंच अक्काला—"

"बघा," बाई मॅडमना म्हणाल्या. "धाकटी पण."

अक्काला एक आठवड्यासाठी निलंबित केलं. मग ते 'चौकशी पूर्ण होईपर्यंत' झालं. चौकशी करायला कागद एकच होता, आमचा. शाळेच्या फायलीत त्या दिवशी नुमाइशीला गेलेली एकच मुलगी होती, कारण एकाच मुलीच्या बापानं तसं लिहून दिलं होतं. दुसरी आजारी होती. बाईही आजारी होत्या.

अक्का घरी बसून अभ्यास करायची. मी तिच्या मैत्रिणीकडून वह्या आणायचे. मैत्रीण वाईट नव्हती. एकदा वही देताना म्हणाली, "तुझ्या बाबांनी साधं ताप लिहायचं होतं ना. मम्मी म्हणते, त्यांना भांडायचंच असतं."

"आणि तू सांग ना मॅडमना, तूच नेलंस म्हणून," मी म्हटलं.

ती घाबरून गेली. "माझं दहावीचं वर्ष आहे गं," म्हणाली. जणू अक्काचं नव्हतं.

फेब्रुवारी लागला. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. आता दुसरंच निघालं. निलंबनाचे दिवस गैरहजेरीत धरले होते, त्यामुळे अक्काची हजेरी कमी पडत होती, आणि हजेरी कमी म्हणून हॉल तिकीट मिळणार नव्हतं. शाळेनंच बाहेर काढायचं आणि शाळेनंच ती आली नाही म्हणून लिहायचं. बाबा पुन्हा मॅडमकडे गेले. या वेळी मॅडम मऊ बोलल्या. "मुलगी हुशार आहे, मलाही वाईट वाटतं. तेवढ्या दिवसांचं मेडिकल आणा. मी हजेरी माफ करायला पुढे पाठवते. सगळे तेच करतात."

 तिसऱ्या दिवशी मायनं विषय काढला तर बाबा म्हणाले, "शाळेनं काढलेल्या पोरीला ताप आला होता असं लिहून आणू? मी?"

अक्का पुस्तक मिटून उठली. ती कधी बाबांना उलट बोलली नव्हती. म्हणाली, "बाबा, खरं लिहून झालं. तुमचं पण झालं, हिचं पण झालं. आता माझ्यासाठी एक खोटं लिहून आणा. मला परीक्षेला बसायचंय."

तारनाक्याच्या चौकात एक डॉक्टर होता. बाबांनी अडखळत काम सांगितलं. त्यानं पॅड पुढे ओढलं आणि विचारलं, "कित्ते दिन का बुखार होना, साब?" किती दिवसांचा ताप हवाय, जसं कापडाच्या दुकानात किती मीटर विचारतात. टायफॉइड पुरेल म्हणाला. बाबा तो कागद घेऊन आले आणि जेवले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मॅडम आणि संस्थेच्या दोन गृहस्थांसमोर बोलावलं. बाबा आणि अक्का दोघं आत, मी दाराशी. दार उघडंच होतं. एका गृहस्थांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. डावीकडे माझ्या अक्षरातलं पत्र, उजवीकडे टायफॉइड.

"निलंबित मुलीला टायफॉइड?" ते म्हणाले. "आणि नेमका तेवढेच दिवस? तुम्ही शाळेला मूर्ख समजता की काय?"

बाबा म्हणाले, "मॅडमनीच सांगितलं, मेडिकल आणा."

मॅडम म्हणाल्या, "मी नियम सांगितला. खोटं आणा असं म्हटलं?"

दुसरे गृहस्थ फार सभ्य होते. असे सभ्य लोक मला आजही सहन होत नाहीत. ते म्हणाले, "हे बघा, आमचा कुणावर आकस नाही. पण आधी शिक्षकांवर आरोप, मग खोटं सर्टिफिकेट. तुमच्या लोकांना सवलती आहेत, कुठेही प्रवेश मिळेल. तुम्ही स्वतःहून दाखला मागा. म्हणजे आम्हाला काढावं लागणार नाही. मुलीच्या दृष्टीनं बरं."

खरं लिहिलं तेव्हा आम्ही उद्धट होतो. खोटं लिहिलं तेव्हा लबाड. त्याच शाळेच्या फायलीत तापाची किती पत्रं असतील, एकाला तरी दुसऱ्या कागदाशेजारी ठेवून कुणी वाचलं असेल?  बाबांनी एक ओळीचा अर्ज तिथेच लिहून दिला. त्यांच्या हातानं. मुद्दे नव्हते.

दाखला तयार करताना कारकुनानं वर्तणुकीच्या रकान्याशी पेन थांबवलं आणि मॅडमच्या खोलीत जाऊन विचारून आला. बाबांनी वाचलं. म्हणाले, "साहेब, हा एवढा शब्द..." कारकून म्हणाला, "माझ्या हातात नाही." सही मॅडमची झाली होती.

मार्चमध्ये हॉल तिकिटं आली. बोर्डाकडे नावं आधीच गेली होती, त्यामुळे अक्काचंही आलं. मैत्रिणीनंच मला सांगितलं. फोटो लावलेलं, नंबर पडलेलं हॉल तिकीट मॅडमच्या कपाटात होतं. घरी सांगितल्यावर बाबांनी सवयीनं फूलस्केप काढला. अक्का म्हणाली, "नको." ती स्वतः गेली. गणवेश घालायचा हक्क उरला नव्हता, म्हणून घरचा ड्रेस घालून. वॉचमननं फाटकातूनच सांगितलं, "अंदर नक्को जाओ बेटी, मेरी नौकरी जाएगी." ती शाळा सुटेपर्यंत फाटकाशी उभी राहिली. मॅडमची रिक्षा बाहेर पडली. मॅडमनी पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली आणि वळणापर्यंत शोधत राहिल्या.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी अक्का पहाटे उठून, आंघोळ करून, तेलुगूचं पुस्तक घेऊन बसली. पेपर संपायच्या वेळेपर्यंत वाचत होती. मग पुस्तक ठेवलं आणि झोपली. मी त्या दिवशी शाळेत गेले होते. मला काढलं नव्हतं. बाबा म्हणाले होते, "तू तरी राहा." मी राहिले. निषेधाचं पत्रक काढायचं माझ्या मनात होतं, चार परिच्छेद पाठ होते, आणि मी प्रार्थनेच्या रांगेत हात जोडून उभी राहत होते.

जूनमध्ये बाबा अक्काला घेऊन तारनाक्याजवळच्या सरकारी शाळेत गेले. मीही गेले. हेडमास्तर म्हातारे, तेलुगू बोलणारे, टेबलावर खडूचे डबे आणि एक तुटलेला पंखा. त्यांनी दाखला वाचला, चष्मा कपाळावर सरकवला, परत वाचला. बाबा उभेच होते. त्यांनी सांगायला तोंड उघडलं, पण हेडमास्तरांनी हात वर करून अक्काकडे बघितलं. "तू सांग. काय केलंस?"

इतक्या महिन्यांत घराबाहेरचं कुणी तिला हे पहिल्यांदाच विचारत होतं. अक्का मोडक्या तेलुगूत म्हणाली, "दोन तास बुडवून नुमाइशीला गेले."

"अंतेना?" ते म्हणाले. एवढंच?

"एवढंच."

त्यांनी दाखला फायलीत घातला आणि दहावीच्या वर्गाचं रजिस्टर ओढलं. बाबांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. ते हात जोडून आभार मानायला लागले, सर तुमचे उपकार, पोरीचं वर्ष गेलं, सर तुम्ही देवासारखे. बाबांच्या तोंडून देव हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. अक्कानं त्यांची बाही धरली.

"बाबा, पुरे," ती मराठीत हळू म्हणाली. "फुकट नाही दिली त्यांनी. जागा माझीच आहे."

तास सुरू झाला होता. हेडमास्तर म्हणाले, उद्यापासून आलीस तरी चालेल. ती म्हणाली, आजच बसते. घरच्याच ड्रेसमध्ये, हातात काही नसताना, ती आपल्यापेक्षा एका वर्षानं लहान मुलींच्या वर्गात शिरली आणि मागच्या बाकावरच्या मुलीला तेलुगूत म्हणाली, "सरक जरा."